बे त्रिक आठ: घडीच्या पोळीच्या आधारे घातांकविचार

इयत्ता सातवीच्या एका घटक चाचणीत चौथा प्रश्न असा छापला होता: २३ × २४ = किती? आमच्या भाचीने उभा गुणाकार मांडला, हातचा घेतला आणि ५५२ असं उत्तर लिहिलं. गुण मिळाले शून्य. उत्तरसूचीत उत्तर होतं १२८.

झालं होतं ते एवढंच, की प्रश्नपत्रिका एका फॉन्टातून दुसऱ्या फॉन्टात नेताना ३ आणि ४ हे दोन आकडे वरच्या मजल्यावरून घसरले आणि २ च्या शेजारी येऊन बसले. विचारायचं होतं ते असं: २ चा ३ रा घात गुणिले २ चा ४ था घात. शाळेने छपाईची चूक मान्य केली. मात्र प्रकरणाचं नाव ‘घातांक’ असताना विद्यार्थिनीने ते ओळखायला हवं होतं, असंही कळवलं. म्हणजे प्रश्न वाचायचा नसतो, ओळखायचा असतो.

हे प्रकरण आमच्याकडे आलं, कारण घरात आमच्याकडेच वेळ असतो. आम्ही त्यात जरा खोल गेलो. इतके, की भाची कंटाळून दोनदा खेळून आली. पुढील प्रबंध हा त्या संशोधनाचा अर्क आहे. एक सूचना आधीच देतो: या प्रबंधात एकही आकडा दुसऱ्याच्या डोक्यावर चढवलेला नाही. सगळे घात अक्षरी लिहिले आहेत. छापखान्याचा आता भरवसा उरलेला नाही.

प्रथम पूर्वपक्ष. २ चा ३ रा घात म्हणजे ६, असं आमच्या भाचीचं, तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचं आणि, खोटं कशाला बोला, बरीच वर्षं आमचंही मत होतं. या मतामागे अज्ञान नाही, संस्कार आहे. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. मराठी पाढा मेंदूत नसतो, जिभेत असतो. २ आणि ३ एकमेकांजवळ दिसले की जीभ डोक्याला न विचारता ‘सहा’ म्हणून मोकळी होते. त्या ३ ला थोडं वर बसवलं म्हणून जिभेला काय कळणार? तिला डोळे नाहीत.

त्यात शिक्षक पहिलं उदाहरण देतात ते नेमकं २ च्या वर्गाचं. २ चा २ रा घात ४. दोन दुणे चार. दोन आणि दोन मिळूनही चारच. तीन वेगळ्या वाटा एकाच अंगणात येऊन थांबतात, आणि मूल समजतं की वाट एकच आहे. इतक्या लबाड उदाहरणाने एखादा धडा सुरू करणं म्हणजे जुळ्या भावांवरून माणसं ओळखायला शिकवण्यासारखं आहे. पुढे २ चा ४ था घात १६, आणि ४ चा २ रा घातही १६. आता तर मुलाची खात्रीच पटते की वरचा आणि खालचा आकडा हवे तसे अदलाबदल करता येतात. दोन निरनिराळ्या नैसर्गिक संख्यांनी जागा बदलूनही उत्तर तेच येण्याचा हा एकमेव प्रसंग आहे, सगळ्या अनंत संख्यांत एकच, आणि तोसुद्धा नेमका वहीच्या पहिल्याच पानावर भेटतो.

अदलाबदल करून पाहायचीच असेल तर २ आणि ३ यांची करावी. २ चा ३ रा घात ८, ३ चा २ रा घात ९. चुकलं, पण एकानेच. या ‘एकानेच’वर मोठं रामायण आहे. ८ आणि ९ यांच्यासारखे शेजारी-शेजारी बसलेले घात आणखी कुठे सापडतात का? (१ ला यातून वगळायचं, आणि घातांक २ किंवा त्याहून मोठाच घ्यायचा.) कॅटलान या गणितीने १८४४ साली म्हटलं की नसावेत. ते खरोखरच नाहीत हे सिद्ध केलं प्रेडा मिहाइलेस्कु यांनी, २००२ साली. ८ नंतर ९ येतात एवढ्या गोष्टीवर १५८ वर्षं. आमची भाची एका प्रश्नात अडली तर तिला लगेच शून्य.

आता नावाचा विचार. मराठी मुलाला ‘घातांक’ म्हटलं की धसका बसतो, त्यात भाषेचाही वाटा आहे. घात झाला, विश्वासघात, अपघात, पक्षाघात. या कुळात घातांक जन्माला आला. इंग्रजी शाळेतल्या मुलाला निदान ‘पॉवर’ मिळते, आपल्याला घात. पण हा शब्द कुणा खुनशी मास्तराने ठरवलेला नाही. संस्कृत गणितात गुणाकारालाच घात, वध, हनन अशी नावं होती. कारण ऐकण्यासारखं आहे. जुने गणिती पाटीवर धूळ पसरून तिच्यात बोटाने आकडे लिहीत. गुणाकार करताना गुण्यातला एकेक अंक पुसायचा आणि त्याच्या जागी गुणाकाराचा अंक लिहायचा. शेवटी मूळ संख्येचा मागमूस उरत नसे, सगळीकडे नवी संख्या. म्हणजे आधीच्या संख्येचा वधच झाला की! आणि हा वध एकाच हत्याराने, एकाच जागी, पुन्हा पुन्हा होत राहिला, तर किती वेळा झाला याची नोंद ठेवणारा कारकून म्हणजे घातांक. तो कुणाला मारत नाही. तो फक्त पंचनामा लिहितो.

आपल्या जुन्या बीजगणितात या पंचनाम्याला आकडा नव्हता, नावं होती. वर्ग, घन, मग चौथ्या घाताला वर्गवर्ग, पाचव्याला वर्गघनघात, सहाव्याला घनवर्ग आणि सातव्याला वर्गवर्गघनघात. विलायतेत रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ सालच्या पुस्तकात आठव्या घाताला जे नाव दिलं ते देवनागरीत ‘झेन्झिझेन्झिझेन्झिक’ असं काहीसं होतं. ते पाहिल्यावर आपला वर्गवर्गघनघात घरचा वाटू लागतो. लहान आकडा वर बसवण्याची युक्ती त्याआधीच निकोला शुके या फ्रेंच माणसाने १४८४ साली केली होती. ० सुद्धा वर बसवला होता. पण त्याचं हस्तलिखित चारशे वर्षं छापलंच गेलं नाही. देकार्तने १६३७ साली आजची पद्धत रूढ केली; तिसऱ्या घातापासून वर आकडा, आणि वर्ग मात्र बऱ्याचदा तेच अक्षर दोनदा लिहून. इतक्या मोठ्या माणसालाही दुसऱ्या घातापुरता जिना चढायचा कंटाळा होता, याने आम्हाला फार धीर आला.

खालच्या आकड्याला पाठ्यपुस्तक ‘पाया’ म्हणतं. हे नाव चांगलं आहे, पण या धड्यात कंसाचं काय करावं ते कळत नाही. उणे २ कंसात घालून वर्ग केला तर ४; कंस काढला तर आधी २ चा वर्ग आणि मग उणे, म्हणजे उणे ४. पुराणात कंस असतो म्हणून घात होतो. गणितात कंस नसला की घात होतो. हे आम्ही भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आणि मामा तर दोन्हीकडे असतोच.” या विषयावर पुढे बोलणं झालं नाही.

खरा पेच व्याख्येत आहे. घात म्हणजे संख्येला तिनेच पुन्हा पुन्हा गुणणं, असं शिकवतात. २ चा ३ रा घात म्हणजे २ ला तीन वेळा गुणायचं. मांडून पाहू: २ × २ × २. भाचीने पेन्सिलीचं टोक चिन्हांवरून फिरवलं आणि म्हणाली, “मामा, गुणाकार दोनदाच झालाय.” तिची आई, म्हणजे आमची ताई, म्हणाली, “अगं, दोन तीन वेळा आलेत ना, झालं तर मग.” भाची म्हणाली, “आलेत तीन वेळा. गुणलेत दोन वेळा.” चहा गार होईपर्यंत हा वाद चालला. ताई पोळीभाजीचा डबा भरून ऑफिसला जाणारी बाई आहे, तिला अशा वादांची सवय नाही. तिने निकाल दिला की घात एकने जास्त असतो, असं पाठ करून टाक.

हा निकाल टिकत नाही. २ चा १ ला घात घ्या. गुणाकार एकही नाही, तरी उत्तर २. आणि २ चा शून्य घात? इथे तर गुणायला एकही २ आला नाही, आणि पुस्तक निर्विकारपणे म्हणतं, उत्तर १. लग्नाला कोणीच आलं नाही, पण आहेर एक आला. हा आहेर कोणाचा? वर्गात हा प्रश्न विचारला की ‘नियम आहे’ असं सांगतात. ‘भागाकाराच्या नियमावरून सिद्ध होतं’ असंही सांगतात, आणि ते खरंही आहे. पण बारा वर्षांच्या माणसाला सिद्धता नको असते. त्याला आहेर देणारा हवा असतो.

कुंपणाला दहा खांब असले तर मधली अंतरं नऊ, हा जो घोळ आहे, तो हाच. आमच्या मते भारतीय गणितातलं त्याचं सगळ्यात भव्य उदाहरण ‘एकं दहं शतं’ हे आहे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. (चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला होता. आजोबांचं गणित शिकवायला नातवाने मठ काढावा, आणि आमच्या घरात भाची मामाला सरळ ‘तुला येतं का?’ असं विचारते.) स्थानं अठरा, पण परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात. एक कुठे गेला? सुरुवातीलाच बसला आहे. ‘एकं’ म्हणजे १० चा शून्य घात. शाळेत परवचा म्हणणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या शून्य घातापासून मोजायला सुरुवात करत होत्या, आणि कोणी तक्रार केली नाही. लाख म्हणजे १० चा ५ वा घात, कोटी ७ वा, पण ओळीत लाख सहावा आणि कोटी आठवी. ओळीतला नंबर आणि घातांक यांच्यात नेहमी एकाचं अंतर, कारण ओळीच्या दारात ‘एकं’ उभं आहे.

इथवर आलो तेव्हा अकरा वाजले होते आणि स्वयंपाकघरात आई पोळ्या करायला बसली होती. संशोधकाने प्रयोगशाळेत गेलंच पाहिजे म्हणून आम्ही गेलो.

घडीची पोळी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी कृती: कणकेचा उंडा घ्यावा, पुरीएवढा लाटावा. त्यावर तेलाचं बोट फिरवावं, पिठी भुरभुरावी. अर्धी दुमडावी, म्हणजे अर्धा चंद्र. पुन्हा तेल, पुन्हा दुमडावी, म्हणजे त्रिकोणी चतकोर. मग पिठीवर ठेवून कडा लाटत जावं, मध्ये दाबू नये. तव्यावर पडली की फुगते, आणि खाली उतरवून हातात आपटली की पदर सुटतात. किती पदर? आई म्हणाली, “चार. दोनदा दुमडली की चार. त्यात गणित कसलं?”

भाचीने विचारलं, “आणि एकदाच दुमडली तर?”

“दोन.”

“आणि दुमडलीच नाही तर?”

“मग एकच की. फुलका.”

आम्ही पाट मागे सरकवून बसलो होतो ते ताठ झालो. हाच तो आहेर देणारा! घडी शून्य, पदर एक. घडी घातली नाही म्हणून पोळी नाहीशी होत नाही. ती आधीपासून आहेच, एका पदराची. घातांक घड्या मोजतो, उत्तर पदर मोजतं, आणि दोहोंच्या आधी पोळपाटावर एक लाटी पडलेली असते. ती लाटी म्हणजे १. पुस्तकवाले ती लिहीत नाहीत, आणि म्हणून पुढचा सगळा गोंधळ होतो. २ चा ३ रा घात मांडायचा तो असा: १ × २ × २ × २. आता दोन किती? तीन. गुणाकार किती? तीन. भाची आणि तिची आई दोघींचं बरोबर होतं. दोघींच्या मध्ये एक लाटी न लिहिलेली होती. आणि २ चा शून्य घात मांडला की उरते नुसती लाटी: १.

सिद्धान्त एवढाच आहे. हे आम्ही नव्याने शोधलं असं नाही. गणिती हे पूर्वीपासून जाणतात. पण वहीच्या कोपऱ्यात तो १ लिहायला का लाजतात, हे आम्हाला कळलेलं नाही.

पाया दोनच असायला हवा असंही नाही. पाकिटात घालायच्या पत्राला तिपदरी घडी घालतात; तीच घडी आडवीही घातली तर ३ चा २ रा घात, नऊ पदर. पाया म्हणजे एका घडीने पदर किती पट होतात ते. घातांक म्हणजे अशा किती घड्या.

यावर आईने जो आक्षेप घेतला तो पूर्वपक्षातला सर्वात सबळ म्हणून नोंदवतो. ती म्हणाली, “मग चिरोट्याचं काय? त्याला तर किती पदर सुटतात!” चिरोट्याच्या तीन पोळ्या लाटून, मध्ये साटा लावून एकावर एक ठेवतात आणि वळकटी करतात. वळकटीच्या प्रत्येक वेढ्याला पदर तीनाने वाढतात: तीन, सहा, नऊ, बारा. हा तीनाचा पाढा झाला. गुंडाळण्याने वाढतं ते बेरजेने, दुमडण्याने वाढतं ते गुणाकाराने. आधी बनलेलं सगळं उचलून स्वतःवर घालणं म्हणजे घडी. बाहेरून तेवढाच आणखी एक वेढा देणं म्हणजे गुंडाळी. चिरोटा ‘बे त्रिक सहा’ संप्रदायातला आहे, पोळी ‘बे त्रिक आठ’ संप्रदायातली. दिवाळीत या दोन्ही संप्रदायांचा समन्वय होतो, पण तो खाण्याच्या पातळीवर.

‘बे त्रिक आठ’ पडताळून पाहायला आम्ही तीन घड्यांची पोळी मागितली. आईने डोळे मोठे केले, पण नातीच्या अभ्यासासाठी केली. तिसरी घडी घातल्यावर हातात आला तो एक जाडजूड पाचरीसारखा तुकडा, आठ पदरांचा. लाटताना त्याची टोकं पळत होती आणि मधला भाग हलायला तयार नव्हता. तव्यावर बाहेरून करपली, आत कणीक कच्ची. आईचं मत असं पडलं की पोळीचा घातांक दोन असतो, त्यापुढे जाणाऱ्याने स्वतः खावी.

पोळी तिसऱ्याच घडीला का नकार देते, याचं कारण दुप्पट होण्याच्या वेगातच आहे. लाटी १ मिलिमीटर जाड धरू आणि पुन्हा लाटायचीच नाही असं ठरवू. दहाव्या घडीला १०२४ पदर, म्हणजे १ मीटर २४ मिलिमीटर; शाळेतल्या मुलाच्या छातीपर्यंत. विसाव्या घडीला १,०४८ मीटरहून थोडी जास्त. समुद्रसपाटीपासून मोजली तर अजून कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या खाली, पण निम्म्याच्या पुढे गेलेली. एकविसाव्या घडीला २,०९७ मीटर, कळसूबाईच्या देवळाचा कळस खाली राहतो. वीस घड्यांत जेवढी चढली तेवढीच आणखी एका घडीत. कागदाला ४२ घड्या घातल्या तर चंद्र गाठतो असं सगळे सांगतात आणि ते हिशेबाने खरंच आहे, पण चंद्रावर जाऊन काय करायचं? कळसूबाईला निदान पायथ्याला पिठलंभाकरी मिळते. प्रत्यक्षात कागद सातआठ घड्यांत हट्टाला पेटतो. ब्रिटनी गॅलिव्हन या कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलीने २००२ साली लांबलचक टॉयलेट पेपर घेऊन तो बारा वेळा दुमडून दाखवला, आणि दर घडीला वळणात किती कागद वाया जातो याचं सूत्रही काढलं. बारा घड्या, ४,०९६ पदर. आमच्याकडे तिसऱ्याच घडीला आईने प्रयोगशाळा बंद केली.

ज्या प्रश्नावर हे सगळं सुरू झालं त्याचं उत्तर आता तव्यावरच मिळतं. आधी तीन घड्या, मग आणखी चार घड्या. पदर आठ पट, मग त्यावर सोळा पट: १२८. घड्या तीन आणि चार, सात. पदर गुणले जातात, घड्या मिळवल्या जातात. भाचीने हे ऐकून विचारलं, “म्हणजे मी २३ गुणिले २४ केलं तेव्हा चूक काय केली?” आम्ही म्हणालो, “काहीच नाही. तू छापलेलं वाचलंस.”

दुपारी आईने पेटी उघडून आजीचं नऊवारी बाहेर काढलं, कारण उन्हं दाखवायची होती. वाळल्यावर ते घडी घालायला एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला भाची. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. पहिली घडी, दोन टोकं जुळली: १६२ इंच. दुसरी: ८१. तिसरी: साडेचाळीस. चौथी: सव्वावीस इंच, आणि पदर सोळा. ज्या वेगाने पदर वाढतात त्याच वेगाने लांबी घटते. पदर २ च्या ४ थ्या घाताइतके, आणि लांबी मूळच्या एक-सोळांश, म्हणजे २ च्या उणे ४ थ्या घाताने. पुस्तकात ऋण घातांक पाहून भाची घाबरली होती, कारण उणे चार वेळा गुणायचं म्हणजे काय हे कोणालाच सांगता येत नाही. लुगड्याला ते सांगावं लागत नाही. सोळा पदर गुणिले सव्वावीस इंच, पुन्हा ३२४. मूळ लुगडं एकच होतं आणि एकच आहे; घात आणि ऋणघात समोरासमोर आले की पुन्हा तोच १ बाहेर येतो, शून्य घात. शेवटच्या घडीला भाचीचे हात आमच्या हातांना लागले आणि तिने लुगडं आमच्याकडे सोडून दिलं.

एक पुरवणी जोडायचा मोह आवरत नाही, कारण ती मराठीच्या तासाला आहे, गणिताच्या नाही. मराठीच्या तासाला सगळ्यांनी एक मंत्र घोकलेला असतो: यमाताराजभानसलगा. गणांची नावं लक्षात ठेवायची ही युक्ती. लघू आणि गुरू, अक्षरं दोन तऱ्हेची. गण तीन अक्षरांचा. म्हणजे तीन जागा, प्रत्येक जागी दोन पर्याय: गण किती? आठ. य, म, त, र, ज, भ, न, स. मोजून पाहा. ज्याला हे आठ गण पाठ आहेत त्याने ‘बे त्रिक सहा’ म्हणायचं कारण नाही. दोन गण कुठे टाकणार? आणि त्या मंत्राची आणखी गंमत: कुठूनही सलग तीन अक्षरं घ्या, त्यांतल्या पहिल्या अक्षराचा गण त्या अक्षरांनीच तयार होतो. यमाता म्हणजे य गण, मातारा म्हणजे म गण, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. आठ गणांना सुटी चोवीस अक्षरं लागली असती, ती दहांत बसवली आहेत. ज्याने हे रचलं त्याला वृत्तं शिकवायची होती की काटकसर, सांगता येत नाही.

मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, ओळीत बारा अक्षरं. बारा अक्षरांची एकूण वृत्तं किती संभवतात? २ चा १२ वा घात, ४,०९६. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांना ५,२४,२८८. यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी परीक्षेला असतात, बाकीची ऑप्शनला. हे घात काढायला बारा वेळा दुप्पट करत बसावं लागत नाही. पिंगलाने छंदशास्त्रात एक वाट सांगितली आहे. १२ घ्या. निम्मे होतात, सहा, ‘दोन’ लिहा. सहा निम्मे, तीन; ‘दोन’ लिहा. तीन निम्मे होत नाहीत, एक वजा करून ‘शून्य’ लिहा. उरले दोन, निम्मे एक, ‘दोन’. एक वजा, ‘शून्य’. आता शेवटून उलट या, हातात १ घेऊन. शून्य दिसलं की दुप्पट, दोन दिसला की वर्ग. १ चे २, त्याचा वर्ग ४, दुप्पट ८, वर्ग ६४, त्याचा वर्ग ४,०९६. बाराऐवजी पाच पायऱ्यांत काम झालं. संगणकांत मोठे घात आजही मुळात याच चालीने काढतात. आणि या वाटेच्या सुरुवातीलाही पाहा, हातात काय घेतलं? तीच लाटी.

हे सारं भाचीने एका बाजूला मोबाईल बघत ऐकलं. तिने फक्त यमाताराजभानसलगा हातावर पेनाने लिहून घेतलं, उद्या मराठीची चाचणी आहे म्हणून. गणिताचे गुण काही वाढले नाहीत. शाळेने कळवलं की घटक चाचणीचे गुण वार्षिक निकालात धरत नाहीत, त्यामुळे फेरतपासणीची तरतूद नाही.

रात्री पानं मांडली. आईने सकाळची ती आठ पदरांची पोळी एका ताटात ठेवली होती. कोणाच्या ते सांगायची गरज नव्हती. भाचीला विचारलं, “किती वाढू?” ती म्हणाली, “दोनाचा पहिला घात.” आईने दोन वाढल्या. दिवसभरात आई शिकली होती. मग आमची पाळी. आम्ही तोंड उघडायच्या आत भाची म्हणाली, “आजी, मामाला दहावा घात वाढ.”

आम्ही कृतज्ञतेने तिच्याकडे पाहिलं.

“एकाचा,” ती म्हणाली.